भराव पडायच्या आधीचे बारा महिने: पाणथळीसाठी चित्रं आणि फोटोंचं काम कसं करावं

प्रश्न थोडक्यात असा आहे की जवळच्या एका पाणथळ जागेवर कडेकडेने राडारोडा पडायला लागलाय, तुम्हाला चित्रं काढता येतात, कॅमेराही आहे, आणि एक प्रदर्शन भरवून लोकांना जागं करावं असं वाटतंय, तर सुरुवात कुठून करायची आणि मुळात अशाने काही फरक पडतो का. मी गेली २२ वर्षं हेच काम करतोय, फोटो, चित्रं, चिखलाचे रंग, पाण्याच्या काठावर केलेल्या मांडण्या, सगळं करून झालंय, त्यामुळे जरा लांबण लावून लिहितो, वेळ काढून वाचा.

फरक पडतो. पण चित्र सुंदर आहे म्हणून पडत नाही, हे मला फार उशिरा कळलं.

पहिलं प्रदर्शन केलं तेव्हा माझा हिशोब सरळ होता, जागा सुंदर दाखवायची, लोक तिच्या प्रेमात पडतील, प्रेमात पडले की वाचवतील. दोन हिवाळे पहाटे जाऊन बसलो, धुक्यातली बदकं, पाण्यावर उतरणारा बगळा, लव्हाळ्यांच्या मागून वर येणारा सूर्य, असे चाळीस फोटो मोठे छापून एका चांगल्या गॅलरीत लावले. गर्दी झाली, कौतुक झालं, काही फोटो विकले गेले. तिसऱ्या दिवशी एक बाई एका फोटोसमोर बराच वेळ थांबल्या आणि मला म्हणाल्या, "किती सुंदर आहे हो, कुठल्या देशातली जागा आहे ही?" त्या राहायच्या त्याच तळ्याच्या पलीकडच्या काठाला. रोज खिडकीतून त्यांना तेच पाणी दिसत होतं. पुढच्या वर्षभरात तिथे भराव पडला, आणि माझ्या चाळीस फोटोंनी त्यातली एक पाटी मातीसुद्धा अडवली नाही.

त्या बाईंचं काहीच चुकलं नव्हतं. त्यांना आपल्या खिडकीतलं पाणी ओळखता येईल असं मी फ्रेममध्ये काही ठेवलंच नव्हतं, उलट बिल्डिंग, विजेचा खांब, कचरा, रस्ता सगळं मुद्दाम टाळलं होतं, म्हणजे ती जागा मीच तिच्या पत्त्यावरून उचलून स्वर्गात नेऊन ठेवली होती, आणि स्वर्ग वाचवायला कोण जातं?

मुळात पाणथळ जागेची अडचण ही की ती डोळ्यांत भरत नाही. डोंगर दिसतो, धबधबा दिसतो, जंगल दिसतं. ही मात्र अर्धी पाणी, अर्धी चिखल, कुठे गवत, कुठे वास. आपली भाषाच बघा ना. दलदल म्हटलं की आपल्याला भ्रष्टाचार आठवतो, डबकं म्हणजे साचलेपणा, चिखल म्हणजे कुणावर तरी फेकायची गोष्ट, आणि चिखलातलं कमळ असं आपण कौतुकाने म्हणतो तेव्हासुद्धा कौतुक कमळाचं असतं, जणू ते चिखल असूनही उगवलं. अहो ते चिखलामुळेच उगवलंय, पंकज या शब्दातच तसं सांगून ठेवलंय! आपल्याकडेच असं आहे असंही नाही, मलेरिया हा शब्द मूळ इटालियन, अर्थ 'वाईट हवा', कारण ताप दलदलीच्या हवेतून येतो असं लोक शेकडो वर्षं मानत होते. तेव्हा तुम्ही ब्रश हातात घेता तेव्हा समोर नुसता राडारोडा टाकणारा ट्रक नसतो, ही सगळी जुनी नजर असते, आणि त्या नजरेला ती जागा 'पडीक' वाटते म्हणूनच ट्रक तिथे येतो.

आकडे सांगून ही नजर बदलत नाही, मी खूप प्रयत्न केलाय. १९७० ते २०१५ या काळात जगातल्या पाणथळ जागांपैकी सुमारे ३५ टक्के नाहीशा झाल्या, जंगलं जातात त्याच्या तिप्पट वेगाने. हे वाक्य मी किती भाषणांत बोललो असेन, लोक मान डोलावतात आणि घरी जातात. आकडा मोठा असला तरी तो त्यांच्या खिडकीतला नसतो.

मग काय दाखवायचं? इराणमध्ये कॅस्पियन समुद्राकाठी रामसर नावाचं शहर आहे, तिथे २ फेब्रुवारी १९७१ ला पाणथळ जागांचा आंतरराष्ट्रीय करार झाला, म्हणूनच १९९७ पासून २ फेब्रुवारीला पाणथळ दिवस पाळतात. त्या करारातली व्याख्या एकदा शांतपणे वाचा. नैसर्गिक किंवा माणसाने केलेली, कायमची किंवा तात्पुरती, साचलेल्या किंवा वाहत्या पाण्याची, गोड्या, मचूळ किंवा खाऱ्या पाण्याची, आणि समुद्राच्या बाबतीत ओहोटीला सहा मीटरपेक्षा जास्त खोल नसलेली जागा. यातला 'तात्पुरती' हा शब्द आपल्या कामाचा आहे. काही महिने पाणी, काही महिने नुसता ओलावा, काही महिने भेगा पडलेली माती, हे सगळं मिळून ती एक पाणथळ असते, भेगा पडल्या म्हणून ती मेलेली नसते, झोपलेली असते, बिया, अंडी, कंद सगळं त्या मातीत जिवंत असतं. आणि भराव कधी पडतो? कोरड्या महिन्यांत. कारण तेव्हा ती मोकळ्या प्लॉटसारखी दिसते, तेव्हा कुणी फोटो काढला तर फोटोतही मोकळा प्लॉटच येतो, आणि तोच फोटो मग कागदपत्रांना जोडला जातो. म्हणजे एका दिवसाचं चित्र हे पाणथळीच्या विरोधातलंच चित्र असतं असं मी आता मानतो, मग ते कितीही प्रेमाने काढलेलं असो. तुम्हाला दाखवायचंय ते वर्ष.

म्हणून माझं पहिलं सांगणं, प्रदर्शनाची तारीख आत्ता ठरवू नका, आधी एक खूण ठरवा. काठावर एक पक्की जागा शोधा, एखाद्या भिंतीचा कोपरा, दगड, पुलाचा कठडा, जिथे तुम्ही वर्षभर पंधरा-पंधरा दिवसांनी येऊन अगदी तिथेच उभे राहू शकाल. एकच लेन्स, झूम अजिबात नाही, ट्रायपॉडची उंची मोजून वहीत लिहायची, क्षितिज फ्रेममध्ये दर वेळी त्याच रेषेवर आणायचं, त्यासाठी पहिल्या फोटोचा प्रिंट खिशात ठेवायचा आणि तो समोर धरून फ्रेम जुळवायची. फ्रेममध्ये एक न हलणारी, सगळ्यांच्या ओळखीची गोष्ट हवीच हवी, बिल्डिंग, टाकी, खांब, झाड, काहीही, दिसायला बरं नसलं तरी. आणि पाण्यात किंवा काठावर आकडे रंगवलेली एक पट्टी रोवता आली तर उत्तमच, म्हणजे पाणी किती चढलं हे कुणी तुमच्याशी वाद न घालता वाचू शकेल. खाडीकाठची जागा असेल तर भरती-ओहोटीची वेळ सांभाळा, दर वेळी पूर्ण भरतीला जा, नाहीतर भरती आणि ओहोटी दोन्ही घ्या, पण एकदा हे आणि एकदा ते असं केलंत तर सगळी मालिका वाया जाते.

वर्षाचे चोवीस फोटो होतात. ते एका ओळीत लावले की जे घडतं ते मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्याच अंगावर काटा आला होता, माणूस पहिल्या फोटोपासून चालायला लागतो आणि चालता चालता जागा श्वास घेतेय असं दिसतं, पाणी वर येतं, गवत बुडतं, पक्षी येतात, पाणी उतरतं, चिखल उघडा पडतो, त्यावर पावलं उमटतात, माती भेगाळते, आणि मागे ती बिल्डिंग तशीच उभी. दुसऱ्या एका जागेसाठी मी हे केलं तेव्हा तिथल्या रहिवाशांना पहिल्यांदाच दिसलं की पावसाचं पाणी तळमजल्यात न शिरता कुठे जाऊन थांबतं. कुणाला पक्ष्यांवर प्रेम करा म्हणून सांगावंच लागलं नाही. तिथली पूर्ण जागा नाही वाचली, खरं तेच सांगतो, रस्त्याकडचा तुकडा गेलाच, पण पाण्याकडचा मोठा भाग आजही ओला आहे.

चित्रकार असाल तर हेच स्केचबुकात करा, पण चित्राला कॅमेऱ्यापेक्षा एक गोष्ट जास्त येते, जमीन कापून दाखवणं. केकचा तुकडा कापल्यासारखी ती जागा वरून खालपर्यंत कापलेली काढा, वर पाणकणसांची पाती, मध्ये पाणी, खाली चिखल, त्यात गेलेली मुळं, अळ्या, शिंपले, खाली झिरपत जाणारं पाणी आणि बाजूच्या विहिरीची पातळी. त्याच चित्रात पक्षी चोचीच्या लांबीप्रमाणे मांडा. आखूड चोचीचा चिखल्या वरवरचं टिपतो, तुतवार जरा आत, लांब वाकड्या चोचीचे मोठे पक्षी खोल चिखलातून किडा ओढून काढतात, म्हणजे एकाच चिखलात मजले आहेत आणि मजल्यामजल्यावर वेगळं बिऱ्हाड आहे. हे एक चित्र मी आत्तापर्यंत पाच-सहा जागांसाठी वेगवेगळं काढलंय, आणि लहान मुलं सगळ्यात जास्त वेळ इथेच थांबतात. पक्षी, गवत, मासे मात्र त्याच जागेवरचे हवेत आणि जाणकाराकडून तपासून घ्या, एक जरी पक्षी चुकीचा निघाला तरी विरोधात बसलेला माणूस बाकी सगळं खोटं ठरवतो.

उपग्रहाची चित्रंही वापरा. अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहांचे फोटो १९७२ पासूनचे आहेत आणि २००८ पासून ते कुणालाही फुकट मिळतात, युरोपच्या सेंटिनेल-२ चे २०१५ पासूनचे आहेत आणि त्यात दहा मीटरपर्यंतचं दिसतं, म्हणजे एखादं मध्यम तळं सहज. या चित्रांची ताकद किती असते ते इराकच्या मेसोपोटेमियन दलदलीच्या बाबतीत जगाने पाहिलंय. १९९० च्या दशकात ती मुद्दाम कोरडी केली, आणि २००१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने उपग्रहाची जुनी-नवी चित्रं शेजारी शेजारी ठेवून दाखवलं की जवळपास ९० टक्के दलदल गेली. तोवर ऐकीव असलेली गोष्ट डोळ्यांसमोर आली. २००३ नंतर तिथल्या लोकांनी बांध फोडले आणि काही भागात पाणी परत आलं, २०१६ मध्ये ती जागा जागतिक वारसा यादीत गेली. पण दोन गोष्टी सांभाळा. तुलना करताना महिना तोच घ्या, ओल्या ऋतूतलं जुनं चित्र आणि कोरड्या ऋतूतलं नवं चित्र शेजारी लावणं ही फसवणूक आहे आणि ती पकडली जाते. दुसरं, वरून पाहिलं की माणूस दिसत नाही, म्हणून अशा चित्राशेजारी मी कायम त्या जागेवर काम करणाऱ्या कुणाच्या तरी हातांचा जवळून घेतलेला फोटो लावतो.

आता चिखल. हा माझा सगळ्यात आवडता भाग आहे त्यामुळे इथे जरा रेंगाळतो. पाणथळीचा चिखल आत काळा असतो, कारण तिथे हवा पोचत नाही आणि लोह व गंधक यांचं काळं संयुग तयार होतं. तो ताजा चिखल कागदावर फासला की पहिल्यांदा गडद काळा दिसतो, मग हवा लागते तसा लोखंड गंजावं तसा तपकिरी व्हायला लागतो. मी एकदा लोकांसमोर ताज्या चिखलाने मोठं चित्र काढलं आणि ते तसंच ठेवलं, येणाऱ्याने सकाळी एक चित्र पाहिलं आणि जाणाऱ्याने संध्याकाळी दुसरं, आणि मग त्यांना सांगितलं की जागा कोरडी केली की सगळ्या चिखलाचं हेच होतं, जे हवेविना जपून ठेवलेलं असतं ते जळायला लागतं. जगाच्या जमिनीपैकी जेमतेम ३ टक्के भागावर पीटच्या, म्हणजे अर्धवट कुजलेल्या पानामुळांच्या थरांच्या, दलदली आहेत, पण जगातल्या सगळ्या जंगलांच्या झाडांत मिळून नाही एवढा कार्बन त्यांच्यात साठलेला आहे, तो याच कारणाने, पानं तिथे पडतात पण हवा नसल्याने पूर्ण कुजत नाहीत. भाषणात हे पाच मिनिटं सांगूनही डोक्यात शिरत नाही, तपकिरी होत जाणाऱ्या चित्राने मात्र शिरतं.

याच्याही पुढचं म्हणजे विनोग्राडस्कीचा स्तंभ. सर्गेई विनोग्राडस्की या शास्त्रज्ञाने १८८० च्या दशकात काढलेली युक्ती आहे ही. काचेच्या उंच बरणीत तळ्याचा चिखल घ्यायचा, त्यात कागदाचे बारीक तुकडे आणि अंड्याचा बलक मिसळायचा, वर तळ्याचंच पाणी, झाकण सैल, आणि बरणी उजेडात ठेवायची. काही आठवड्यांनी चिखलात पट्टे उमटायला लागतात, हिरवे, जांभळे, गंजाच्या रंगाचे, प्रत्येक रंग म्हणजे वेगळ्या जिवाणूंची वस्ती. कुणीही रंग घातलेला नसतो! मी दहा वेगवेगळ्या ठिकाणांचा चिखल दहा बरण्यांत भरून मागून दिवे लावले होते, लोक विचारायचे हे कुठलं पेंटिंग आहे. शाळेतल्या मुलांना एकेक बरणी सांभाळायला द्या, दोन महिने ती मुलं चिखलाची चौकशी करत येतात, आणि आपण ज्याला घाण म्हणतो त्याच्याकडे बघण्याची नजर मला याहून सोप्या मार्गाने बदललेली आठवत नाही.

सायनोटाइपही करून बघा. जॉन हर्शेल यांनी १८४२ मध्ये शोधलेली पद्धत, आणि लगेच पुढच्याच वर्षी अ‍ॅना अ‍ॅटकिन्स यांनी त्याच पद्धतीने समुद्री शेवाळांचे ठसे घ्यायला सुरुवात केली. लोहाचे दोन क्षार कागदावर लावायचे, त्यावर गवत, पानं, पाणवनस्पती ठेवून उन्हात धरायचं, पाण्याने धुवायचं, निळ्यावर पांढरी आकृती उमटते. ऊन आणि पाणी यांनीच चित्र होतं म्हणून या विषयाला ती शोभते. धुतलेलं पाणी मात्र तळ्यात ओतायचं नाही, बादलीत घेऊन घरी न्यायचं.

आता कुठे दाखवायचं. गॅलरीत नंतर दाखवा, आधी काठावर. काठावरून रोज जाणारी माणसं गॅलरीत येणार नाहीत, आणि त्या जागेचं काय होणार यात त्यांचाच आवाज मोजला जातो. याचं मला माहीत असलेलं सगळ्यात साधं आणि जबरदस्त उदाहरण ईव्ह मोशर या कलाकार बाईंचं आहे. २००७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये त्यांनी समुद्रसपाटीपासून १० फूट उंचीची रेषा रस्त्यांवर, बागांमध्ये, लोकांच्या दारांसमोर निळ्या खडूने आखली, खेळाच्या मैदानावर रेघ मारायचं ढकलयंत्र घेऊन, जवळपास ७० मैल. पुराचं पाणी इथवर येऊ शकतं एवढंच त्या रेषेचं म्हणणं. लोक थांबून विचारायचे काय चाललंय, आणि तो संवाद हेच खरं काम होतं. २०१२ मध्ये सँडी वादळ आलं तेव्हा त्या भागांत पाणी खरंच शिरलं. तुमच्याकडे आज पाणी जिथवर येतं आणि भराव पडला तर जिथवर येईल अशा दोन रेषा आखायला फार काही लागत नाही, फक्त उंचीची मोजणी एखाद्या इंजिनिअरकडून नीट करून घ्या, अंदाजाने आखू नका, लोकांना घाबरवायला तर अजिबात नको.

काठावर दाखवण्याचा आणखी एक फायदा, तिथली माणसं तुमच्या चुका दुरुस्त करतात. मी ते कापलेल्या जमिनीचं चित्र काठावर लावलं तेव्हा तिथे वर्षानुवर्षं मासे पकडणारे एक काका आले, बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, "इथं खालून झरा आहे, तो कुठं काढलाय?" मी पाच महिने तिथे जात होतो, मला झऱ्याचा पत्ता नव्हता. त्यांच्या हातात पेन्सिल दिली, त्यांनी झऱ्याची जागा काढली, मासे अंडी घालतात ती जागा काढली, पूर्वी होडी जायची तो मार्ग काढला. त्यानंतर येणाऱ्या लोकांना चित्र मी समजावून सांगतच नव्हतो, काकाच सांगायचे. तेव्हापासून मी चित्रात मुद्दाम मोकळी जागा ठेवतो आणि शेजारी दोरीला पेन्सिल बांधून ठेवतो. पाणथळीवर जगणारी माणसं आपल्या चित्रात नुसती सूर्यास्तापुढची काळी आकृती म्हणून येऊ नयेत, याबद्दल मी फार हट्टी आहे.

कलेने निर्णय बदलतो का, यावर ऑस्ट्रेलियातल्या टास्मानिया बेटाची दोन उदाहरणं एकत्र बघावीत. ओलेगास त्रुखानास नावाचे छायाचित्रकार होते, १९६७ च्या वणव्यात त्यांचं घर आणि आयुष्यभराचा संग्रह जळाला, तरी ते परत कॅमेरा घेऊन रानात गेले आणि पेडर नावाच्या सरोवराच्या स्लाइड्स लोकांना दाखवत राहिले. सभागृहं भरायची, लोक हळहळायचे. तरी १९७२ मध्ये धरणाच्या पाण्याने ते सरोवर बुडवलं गेलं, आणि त्याच वर्षी त्रुखानास स्वतः गॉर्डन नदीत फोटो काढायला गेले असताना बुडून गेले. त्यांच्याच हाताखाली तयार झालेले पीटर डॉम्ब्रॉव्हस्किस, त्यांनी फ्रँकलिन नदीच्या धुक्यातल्या वळणाचा एक फोटो काढला. तिथेही धरण होणार होतं. तो फोटो १९८३ च्या निवडणुकीआधी वर्तमानपत्रात रंगीत जाहिरात म्हणून छापला गेला, खाली मतदाराला थेट विचारलं होतं की हे नष्ट करणाऱ्या पक्षाला तुम्ही मत देऊ शकाल का. सरकार बदललं, १ जुलै १९८३ ला न्यायालयाचा निकाल आला, धरण थांबलं. अर्थात एका फोटोने हे झालं नाही, हजारो लोक तिथे जाऊन उभे राहिले होते, अनेकांना अटक झाली, आणि त्यात पेडर गमावल्याचं दुःखही होतं. पण मला दिसतो तो फरक असा की दुसऱ्या वेळी फोटोच्या खाली एक तारीख होती आणि बघणाऱ्याच्या हातात त्या तारखेला करायचं एक काम होतं. म्हणून तुमच्या प्रदर्शनाच्या आधी शोधून काढा की या जागेबद्दलचा निर्णय कुठल्या टेबलावर आहे, हरकती कधीपर्यंत घेतात, सुनावणी कधी आहे, आणि त्या तारखेच्या आधी काठावर उभे राहा. प्रदर्शनात हरकतीचा नमुना, पेन आणि तो भरून द्यायला मदत करणारा एक माणूस बसलेला असू दे. तारीख निघून गेल्यावर भरवलेलं प्रदर्शन श्रद्धांजली होतं, मी अशी दोन भरवलीत, फार वाईट वाटतं.

चित्रातून पैसा उभा राहून जमीनच वाचली असंही झालंय. अमेरिकेत डिंग डार्लिंग नावाचे व्यंगचित्रकार होते, १९३४ मध्ये तिथल्या वन्यजीव खात्याचे प्रमुख झाले, आणि पाणबदकांच्या शिकारीसाठी सक्तीचा जो स्टॅम्प निघाला त्यावरचं पहिलं चित्र त्यांनीच काढलं, पाण्यावर उतरणारी बदकांची जोडी. दर डॉलरमधले ९८ सेंट पाणथळ जागा विकत किंवा भाडेपट्ट्याने घेण्यासाठी जातात, आजवर साठ लाख एकरांच्या आसपास जागा त्यातून राखली गेली. १९४९ पासून त्या चित्रासाठी खुली स्पर्धा असते. दोन इंच कागदावरची बदकं, पण त्या कागदाला काम जोडलेलं होतं.

आणि कधी कधी कलाकृती हीच पाणथळ होते. अमेरिकेतल्या डॅलस शहरातलं एक तळं आजूबाजूच्या हिरवळींना घातलेल्या खतांमुळे शेवाळाने भरून मेलं होतं. पॅट्रिशिया जोहान्सन यांनी १९८१ ते १९८६ या काळात तिथे पाणवनस्पतीच्या मुळांच्या आणि नेच्याच्या पानांच्या आकारांची प्रचंड शिल्पं केली, लोक त्यांवरून चालत पाण्यात जातात, त्यांच्या मधल्या कोनाड्यांत झाडं, मासे, कासवं राहतात, आणि तळं परत जिवंत झालं. चीनमध्ये चेंगदू इथे बेट्सी डेमन यांनी १९९८ मध्ये नदीकाठी माशाच्या आकाराची बाग उभी केली, नदीचं घाण पाणी एका टोकाला आत येतं, पाणवनस्पतींच्या टाक्यांतून फिरत फिरत स्वच्छ होऊन दुसऱ्या टोकाला मुलांच्या खेळायला येतं. त्याच्या तीन वर्षं आधी त्यांनी स्थानिक कलाकारांना घेऊन त्याच नदीकाठी सार्वजनिक प्रयोग केले होते, म्हणजे आधी लोक जमले, बाग नंतर आली. एवढं मोठं तुम्ही लगेच करा असं म्हणत नाही, पण स्वप्न म्हणून समोर असू दे.

काही गोष्टी मात्र करूच नका. विणीच्या काळात घरट्याजवळ जाऊ नका, ड्रोन खाली आणू नका, एक थवा उडाला की त्याची कित्येक तासांची खाण्याची वेळ जाते. पक्ष्याचा आवाज मोबाइलवर वाजवून त्याला बोलावू नका. फोटो टाकताना त्यातलं लोकेशन काढून टाका. पाण्यावर तरंगणारी प्लॅस्टिकची, थर्माकोलची शिल्पं नकोत, रात्रीचे प्रखर दिवे नकोत, चमकी नको. आपण जागा वाचवायला आलोय आणि जाताना तिथे कचरा सोडून गेलो असं मी पाहिलंय, आणि ते विसरता येत नाही.

मेलेल्या माशांचे फोटो लावावेत का असंही बरेच जण विचारतात. लावा, पण एक, आणि तो ओळीच्या मध्ये, जिथे त्याची तारीख येते तिथे. शेवटी लावलात तर माणूस हताश होऊन बाहेर पडतो आणि हताश माणूस हरकत लिहीत नाही.

तर आता सुरुवात. या आठवड्यात एकदा सकाळी कॅमेरा न घेता जा आणि पूर्ण काठ चालून या, जिथे तुम्हाला कुणी ना कुणी हमखास भेटतं ती जागा बघून ठेवा, खूण तिथेच करायची. दुसऱ्या दिवशी ट्रायपॉड, मोजपट्टी, वही घेऊन जा. पहिला फोटो बहुतेक साधा येईल, राडारोड्याचा ढीग दिसेल, मागे गाड्या दिसतील, काहीही काढून टाकू नका, मागच्या बाजूला तारीख, वेळ, लेन्स, ट्रायपॉडची उंची आणि पाणी पट्टीवर कितीला आहे ते लिहा, आणि एक प्रिंट काठावर जो कुणी भेटेल त्याला देऊन टाका, पंधरा दिवसांनी दुसरा घेऊन येतो असं सांगून.